कुत्रं घरी ठेवून या

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, उभ्या जन्मात एकाही कुत्र्याला काहीही शिकवलं नाही. आणि तरीसुद्धा जिंतूर तालुक्यात कुठं एखादं शहाणं कुत्रं दिसलं, की लोक खुशाल सांगत, हे बोरीच्या नाकेवाल्यांच्या शाळेतलं. नाकेवाले म्हणजे आतोबाच. ते कुत्री शिकवत नसत, कुत्र्यांचे मालक शिकवत. "कुत्र्याला समदं येतंय," ते म्हणत, "बसायला येतंय, थांबायला येतंय, गप ऱ्हायला येतंय. येत न्हाई ते मालकाला." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणारा आपोआप पाठ ताठ करून बसे.

संस्थान होतं तेव्हापासून आतोबा वऱ्हाडच्या शिवेवर करोडगिरीच्या नाक्यावर नोकरीला होते. निजामाच्या मुलखात येणारा-जाणारा माल अडवायचा, उलगडून बघायचा, जकात घ्यायची आणि सोडून द्यायचा, हे त्या नाक्याचं काम. रस्त्यात आडवा दोर बांधलेला असे. गाडी आली की आतोबा एकदाच म्हणत, "ठैरो." मग कपाळावरचा चष्मा नाकावर उतरायचा, गाडीभोवती एक फेरी व्हायची, गोणीत हात जायचा, गाडीवानाच्या तोंडाकडं एक नजर; आणि सगळं ठीक असलं की चष्मा परत कपाळावर आणि खणखणीत आवाज, "रवाना!" की दोर खाली. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. पुढं संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांनी नाकेही उठले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आतोबांना कुणी विचारलं नाही. दोर सोडला त्या दिवशी ते सवयीनं रस्त्यात उभे राहिले आणि "ठैरो" म्हणाले. गाड्या घुंगरं वाजवत निघून गेल्या. कान फाटलेलं एक तांबडं गावठी कुत्रं तेवढं थांबलं. त्यालाच ते बोरीला घेऊन आले आणि त्याचं नाव ठेवलं दारोगा. नाक्यावरच्या दारोगाला पंचवीस वर्षं सलाम ठोकल्यावर 'दारोगा, बैठ' म्हणायला मिळतंय, नोकरी गेल्याचा एवढाच एक फायदा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बोरीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि आत्याच्या घरी राहायला गेलो, तो पहिल्याच दिवशी मला धडा मिळाला. ताट समोर आलं, मी भाकरी मोडली, आणि आत्यानं डोळे वटारले. समोर तपासणी चालू होती. आतोबांचा चष्मा नाकावर. आधी त्यांनी स्वतःचं ताट बघितलं, वरण, भाकरी, ठेचा, कांदा. मग माझं बघितलं. मग उंबऱ्याबाहेर बघितलं. तिथं दगडी कुंडीत कालवलेली भाकरी होती आणि तिच्यासमोर दारोगा बसला होता, लाळेची तार पार जमिनीला टेकलेली, पण मान ताठ. सगळा माल नजरेखालून गेला, चष्मा वर चढला, "रवाना!" आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि दारोगा, एकदमच तुटून पडलो. आत्या म्हणाली, "महिनाभर ऱ्हा मास्तर, तुझं बी कुत्रं करतेत का न्हाई बघ." मला रागच आला. मी मॅट्रिक झालेला माणूस! पण आठ दिवसांत माझा हात ताटावर आपोआप अडायला लागला, हे कबूल केलं पाहिजे. आत्या मात्र सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, स्वतःच्या मनानं जेवायची. "मला न्हाई कोन रवाना करायला लागत," असं ती आतोबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

शाळा भरायची बाजाराच्या दिवशी, घरामागच्या लिंबाखाली. पहिल्या खेपेला आलेल्या मालकाला आतोबा एकच सांगत, "कुत्रं घरी ठेवून या." चार कोस कुत्रं ओढत आणलेला माणूस हे ऐकून भांबावायचा. एक जण म्हणाला, "नाकेवाले, कुत्रं शिकवायला आणलंय, मला शिकवायला न्हाई." आतोबांनी चष्मा नाकावर घेतला, त्याला टाळूपासून टाचेपर्यंत बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "म्हनूनच तर ते शिकंना." दुसऱ्या खेपेला त्या मालकाला मोकळ्या खुंट्यासमोर उभं करत. खुंट्याला 'बैठ' म्हणायचं. एकदाच म्हणायचं आणि गप उभं राहायचं. खुंटा बसलेलाच असतो, त्यामुळं मालकाचा राग हळूहळू उतरतो, असा त्यामागचा हिशेब. कुणी ओरडलाच तर आतोबा विचारत, "खुंट्यानं काय केलंय रं तुझं?" मग भाकरीचा धडा. भाकरीचा तुकडा मुठीत धरून, लिंबावरचा कावळा उडेपर्यंत तसंच उभं राहायचं. एका पैलवानानं कावळा उडायच्या आत तुकडा स्वतःच खाऊन टाकला. आतोबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, आधी तुमाला कुनीतरी पाळाया पायजे." पैलवान पुढच्या बाजाराला पुन्हा आला आणि सगळ्यांत चांगला निघाला. मी हे सगळं जरा दुरून, तोंड वाकडं करून बघत असे. कारण माझ्या वर्गातली चाळीस पोरं मी छड्या मोडल्या तरी बसत नव्हती, आणि इकडं हा माणूस छडीला हातही न लावता खुंट्यांना शिस्त लावत होता.

कधीकधी प्रकरण लिंबाखाली मिटत नसे. मग आतोबा मालकाच्या घरी जात. असाच एक शेतकरी रडकुंडीला येऊन सांगत होता, की कुत्रं ठार मठ्ठ आहे, दोन वर्षं झाली तरी स्वतःचं नाव कळत नाही. आतोबा त्याच्या ओट्यावर चष्मा नाकावर ठेवून अर्धा दिवस बसले. कुत्र्याचं नाव खंड्या आणि घरातल्या म्हाताऱ्याचं नाव खंडूजी. आता सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? त्यामुळं दिवसभर कुत्र्याला भाकरी घालणारी ती सून त्याला 'आवो' म्हणून हाक मारायची. कुत्र्यानं तेच आपलं नाव धरलं होतं. शेजारची बाई नवऱ्याला "आवो, ऐकलं का?" म्हणाली, की नवऱ्याच्या आधी हे भिंतीवरून उडी टाकून हजर! आतोबांनी चष्मा वर केला. "कुत्रं लय हुशार हाय. घरातल्या मोठ्या मानसाचं नाव त्याला ठेवनारा कोन, ते सांगा." गावभरच्या सोयऱ्यांत नसलेलं नाव शोधून, गूळखोबरं वाटून त्या कुत्र्याचं दुसरं बारसं केलं, आणि खंडूजीबाबांनी स्वतः त्याच्या कानात 'टिप्या' असं सांगितलं. म्हातारा मोठा खुश झाला. दोन वर्षं आपल्याच नावानं घरात कुणीतरी हाड-हाड करतंय, हे त्याला मनातून लागलं होतं.

या सगळ्या शाळेचा पाया एकच होता. "कुत्रं शब्द ऐकतंय," आतोबा बजावत. "शब्द एक, एकदाच, आन मालकाच्या तोंडचा. बाकी तुमी हात हलवा न्हाईतर नाचा, त्याला त्याचं काय न्हाई." कुणी हातवारे केले की ते चिडत. पुरावा म्हणून दारोगाला पुढं करत. मी एकदा गंमत म्हणून आतोबांच्या मागं उभं राहून कुंडीकडं बघत "रवाना" म्हणालो. दारोगानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी मुकाट्यानं वह्या तपासायला निघून गेलो. आतोबांना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी तपासणीत माझं ताट वगळलं.

आणि मग एका सकाळी आतोबा तोंड धुता धुता कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिंतूरहून डॉक्टर आणले. त्यांनी औषध दिलं, जिवाला धोका नाही म्हणाले, वाचेचं काही सांगता येत नाही म्हणाले. त्या गडबडीत दोन दिवस दारोगाची कुणाला आठवण झाली नाही. आत्या भाकरी कालवून कुंडीत टाकायची आणि आत पळायची. तिसऱ्या दिवशी तिनं बघितलं, तर कुंडीत तीन दिवसांची भाकरी, तिला मुंग्या, आणि समोर दारोगा बसलेला. "आगं माय!" आत्या किंचाळली. "ह्यो तर उपाशी बसलाय!" ती उकिडवी बसून "रवाना, रवाना, बाबा रवाना" म्हणत राहिली. दारोगानं शेपटी हलवली. तोंड लावलं नाही.

आतोबांची खाट पडवीत होती, दारोगा त्यांच्या समोरच बसायचा. त्यांना सगळं दिसत होतं आणि सगळं कळत होतं. डाव्या हातानं खूण करून त्यांनी चष्मा मागून घेतला आणि तो नाकावर चढवून दिवसभर कुत्र्याकडं बघत राहिले. तोंडातून नुसता "व... व..." असा आवाज यायचा. भाकरी हातानं भरवली तर कुत्रं मान फिरवायचं. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. बाजाराला आलेले आतोबांचे विद्यार्थी सगळे पडवीसमोर जमले आणि एकेकानं, एकदाच, शिकवल्याप्रमाणं न ओरडता, "रवाना" म्हणून बघितलं. पैलवानाचं म्हणून झालं, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून रडला. शेवटी कापडाच्या दुकानातल्या आप्पांना बोलावलं. आप्पा नकलांत पटाईत. गावातल्या कुणाचाही आवाज काढायचे. त्यांनी देवडीच्या आडून अशी काही "रवाना!" ठोकली, की आत्यानं दचकून डोक्यावर पदर घेतला आणि माझा हात, समोर ताट नसताना, पुढं गेला. दारोगा ताडकन उठला. त्यानं देवडीकडं बघितलं, मग खाटेकडं बघितलं, आणि परत बसला. आतोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझाही जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू! आपल्या शिकवणीनंच आपलं कुत्रं मरतंय, हे तो माणूस पडल्या पडल्या बघत होता.

आत्या रडत रडतच उठली. "उगी, उगी बरं," असं लहान लेकराला म्हणावं तसं म्हणत तिनं पदराचं टोक घेतलं आणि आतोबांचे डोळे पुसायला त्यांचा चष्मा कपाळावर सरकवला.

मागून लप-लप आवाज आला. दारोगा खात होता.

आत्यानं डोळे पुसून चष्मा परत नाकावर ठेवला, आणि दारोगा तोंडातला घास तोंडात ठेवून थांबला. आतोबा त्याच्याकडं बघत राहिले. मग डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी स्वतः चष्मा कपाळावर नेला. दारोगा खायला लागला. चष्मा खाली, दारोगा थांबला. चष्मा वर. तिसऱ्यांदा चष्मा खाली येतोय असं बघून आत्या ओरडली, "आवो, खाऊ द्या की बिचाऱ्याला!" आतोबांची खाट गदगदा हलत होती. आधी आम्हांला वाटलं, झटका आला. मग कळलं, ते हसत होते. इतकी वर्षं शब्द शब्द म्हणून सांगितलं, आणि दारोगानं शब्द कधी ऐकलाच नव्हता. पहिले दोन दिवस चष्मा वर चढलाच नाही, आणि मग आतोबा काळजीपोटी तो नाकावरच ठेवून बघत राहिले; तपासणी संपलेली नाही म्हणून कुत्रं थांबून राहिलं. पैलवान हबकून म्हणाला, "मंजी आमचं कुत्रं बी आमचं दुसरंच कायतरी बघायलंय का काय?" त्यानंतर बरेच दिवस बोरीतले कुत्रेवाले स्वतःकडंच संशयानं बघत हिंडत होते.

आतोबा त्यानंतर चार-पाच महिने होते. वाचा आली नाही, पण दोन्ही वेळेला तपासणी चुकली नाही. ते गेले, त्या दिवशी संध्याकाळी आत्यानं भाकरी कालवून कुंडीत टाकली, आतोबांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला, कुंडीकडं बघितलं आणि तो कपाळावर सरकवला. दारोगानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग खाल्लं. आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्या काचांतून तिला अंधुकच दिसायचं, पण पुढं दारोगा होता तोवर दोन्ही वेळा हे चाललं.

माझी बदली गंगाखेडला झाली. दारोगा गेल्याचं पत्रानं कळलं. वर्षभरानं मी बोरीला गेलो, तेव्हा आत्यानं मला आग्रहानं पोटभर वाढलं आणि मग आपलं ताट घेऊन चुलीपाशी बसली. मी हात धुऊन आत आलो तर तिच्या नाकावर चष्मा. तिनं ताट बघितलं, भाकरी उलटून बघितली, उंबऱ्याबाहेरच्या रिकाम्या कुंडीकडं बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि पहिला घास घेतला. मी दारात उभा आहे हे तिला मग दिसलं.

"काय बघायलास?" ती म्हणाली. "सवय लागली."