महिन्यानंतर येणाऱ्या नंदाताई

नंदाताई गेल्याची बातमी मला फ्लेक्सनं दिली. मी रामटेकला भाच्याकडे होतो. परतताना ऑटो वस्तीच्या वळणावर आला आणि समोर ताई… आधार कार्डावरचा चेहरा दाराएवढा केलेला, खाली ‘करुणेची मूर्ती’, आणि त्यांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत शोकाकुल मंडळी. त्यांतल्या निम्म्यांना ताई ओळखत नव्हत्या. उरलेल्यांना चांगल्या ओळखून होत्या. मला आधी राग आला. रडू घरी गेल्यावर आलं.

मूर्ती एका जागी बसून हार घालून घेते. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या या शेजारीणबाई बसायच्या त्या दुसऱ्यांच्या घरी. आमच्या बौद्ध वस्तीत माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवसापर्यंत घर भरलेलं असतं. वंदना होते, माइकवरून भाषणं होतात, जेवणं होतात, खुर्च्या परत जातात. ताई त्या दिवशी मागच्या मागे निघून जायच्या. त्यांचं काम महिन्याभरानं सुरू व्हायचं. पिशवीत मेथीची जुडी घेऊन त्या घरी जायचं आणि बसायचं. उपदेश नाही, ‘सारं अनित्य आहे’ नाही. समोरचा बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर मेथी निवडायची. “तिसऱ्या दिवशी चहा करणारे ढीगभर असतात, सर. महिन्यानं ‘चहा घेतला का’ म्हणून विचारणारं कोणी नसते,” असं त्यांचं म्हणणं. मी एकदा ध्यानावरचं काहीबाही वाचून विचारलं, मन भटकत नाही का? “समोर कोणी रडून राहिलं असलं तर कायले भटकते?” मी पुस्तक मिटलं असं नाही, पण तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

गल्लीतला प्रकाश दारू पिऊन विहार समितीच्या अध्यक्षांना नावानिशी शिव्या द्यायचा. तो गेला तेव्हा समितीनं ठरवलं, पंचशील मोडणाऱ्याच्या घरी विहारातर्फे कोणी जायचं नाही. या वेळी ताई महिनाभर थांबल्या नाहीत, त्याच संध्याकाळी निघाल्या. अध्यक्षांनी रस्त्यात अडवलं.

“ताई, समाजात काय संदेश जाईल?”

“संदेश पोस्टमन नेते, साहेब. मी रेखाजवळ बसाले जाऊन राहिली.”

“तो रोज शील मोडत होता!”

“त्यानं मोडलं. त्याच्या बायकोनं काय मोडलं?”

पुढे ताईंना विहाराच्या मंचावर बोलावणं बंद झालं. त्यांच्या ते बरेच दिवस लक्षातही आलं नाही.

आता त्याच मंचावर त्यांची आदरांजली सभा झाली. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. अध्यक्षांनी विचारलं, “बोलण्यासारखं काही नाही का?” म्हटलं, “आहे, म्हणूनच.”

सभा संपली आणि घरात उरले त्यांचे यजमान, भाऊराव. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे. जन्मभर त्यांची एकच तक्रार: “घरी नवरा हाये, त्याच्याजवळबी बस वं कधी!” आता ते बोलेनात. ताट ठेवलं तर अर्धं खात, नाही ठेवलं तर मागत नसत. मी रोज जायचो आणि वीजबिलापासून उन्हापर्यंत सगळ्यावर बोलायचो. मला गप्प बसता येत नाही. ते दिवसेंदिवस आटत चालले होते, आणि मला नुसतं बघत राहण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

महिन्याभरानं रेखा आली. प्रकाशची बायको. वाटाण्याच्या शेंगा घेऊन खाली बसली आणि सोलू लागली. भाऊरावांनी पाहिलंही नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, मग रोज येऊ लागली.

अशाच एका दुपारी अध्यक्ष आले, दोन कार्यकर्ते आणि एक नकाशा घेऊन. वस्तीच्या तोंडाशी ताईंच्या नावाची कमान. संगमरवर, सोनेरी अक्षरं.

“कमान नको,” भाऊराव म्हणाले.

आवाज फाटला होता. पण आवाज होता.

“भाऊराव, समाजाची इच्छा आहे…”

“समाज कुठी होता इतके दिवस? हे बाई रोज येते. तुम्ही आज आले, नकाशा घेऊन.”

“तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो.”

“मंग बसा ना. तो कागद बाहेर ठेवा आन् बसा.”

अध्यक्षांना पुढचा कार्यक्रम होता. ते गेल्यावर रेखाची मान खाली, खांदे हलत होते.

“हासून काहून राहिली वं?”

“काका, तुम्हाले भांडता येते अजून!”

त्यांनी चहा मागितला. मग विचारलं, आणखी कोणाकडे जातेस? रेखानं मागच्या गल्लीतलं घर सांगितलं. तिथली म्हातारी जाऊन महिना झाला होता, लेक एकटाच होता. भाऊराव खुंटीवरचा सदरा शोधू लागले.

“मले अशा ठिकाणी बोलता येत नाही, पाह्य.”

“बोलाचंच नसते, काका.”

कमान झालेली नाही. आम्ही होऊ देणार नाही. अध्यक्ष मधूनमधून संमतीची सही मागायला येतात, पण संध्याकाळी भाऊरावांच्या दाराला कुलूप असतं. शेजारचं कोणीतरी खिडकीतून ओरडून सांगतं, “काका घरी नाही. बसाले गेले.”