खिडकीतली टोमॅटोची रोपं

नांदेडला आमच्या शेजारच्या भाभी चहाच्या कागदी कपांत टोमॅटोचं बी लावतात आणि ते कप स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतात. सकाळी आधी रोपांवरून हलका तळहात फिरवायचा, मगच चहा ठेवायचा. "हात लागला की खोड निबर होतं बघ," म्हणतात. माणसांशी त्यांचं बोलणं तुटक असतं. रोपांशी मात्र त्या सावकाश बोलतात, तापातल्या लेकराशी बोलावं तसं.

यंदा त्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि रोपं माझ्या घरी आली. मायेपोटी मी पाणी जरा जास्तच घातलं. दोन-तीन दिवसांत काही रोपं बुडाशी सडून आडवी पडली. दवाखान्यातून भाभींचा फोन आला, "रोपं कशी हायेत?"

"चार मेली, भाभी."

"पाणी कमी कर. खिडकी उघडी ठेव. बाकीची जगतील."

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मेलं ते मेलं म्हणून सांगितलंस, लई बरं केलंस," त्या म्हणाल्या. "घरात सगळे मला बरंच हाय, बरंच हाय म्हणून राहिलेत. पोरानं तुला सांगितलंय, मला ठाऊक हाय. आता माझं बी खरं सांग."

त्यांच्या मुलानं डॉक्टरांचं म्हणणं मला सांगून गप्प राहायला बजावलं होतं. मी दार लोटून घेतलं, त्यांच्याजवळ बसले आणि डॉक्टर म्हणाले होते ते सगळं सांगितलं.