वीणेचा अर्धा पहारा

आईच्या उदरात डोळे उघडण्याआधी, बोटे फुटण्याआधी जे धडधडू लागते आणि नंतर एका श्वासापुरतीही सुट्टी मागत नाही, त्या हृदयाला आधी वंदन करतो. मग मालाडच्या लवू घाडीगावकरांची हकिकत सांगायला घेतो.

लवूनाना मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत सहा वर्षे साच्यावर कापड विणले, संपात गिरणी सुटली आणि पुढची तीस वर्षे गोरेगावच्या स्टुडिओत त्यांनी मोठमोठे दिवे खांद्यावरून वाहिले. दिंडोशीच्या टेकडीवर त्यांची चाळ होती, तिथे आता बारा मजली इमारत आहे. तळमजल्यावर विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे आणि रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत तिथे नामसप्ताह बसतो. सात दिवस गजर खंडत नाही आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. ती एका गळ्यातून उतरते ती थेट दुसऱ्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने उभे राहायचे. प्रत्येकाचा पहारा दोन तासांचा. त्यातला दुपारी बाराचा पहारा कुणाला नको असतो, कारण ऊन भरात असते आणि पंख्याचा वारासुद्धा भाजतो. तो पहारा चाळीस वर्षे लवूनानांचा होता. कुणी दिला नव्हता, त्यांनी मागून घेतला होता.

त्या वर्षी सप्ताहाची कीर्तनसेवा माझ्याकडे होती. दशमीच्या संध्याकाळी मी निर्जळ एकादशीचा महिमा गायलो. गाताना रंगलो, श्रोतेही रंगले. पहिल्या रांगेत लवूनाना मान डोलवत होते. त्यांच्या अंगात तेव्हा ताप होता, हे मला कुठून ठाऊक असणार? घरातही त्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एकादशी. एकाहत्तर वर्षांचा देह, अंगात दोन दिवसांचा ताप आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. बारा वाजता वीणा गळ्यात आली. दोन वाजता दत्ताराम यायचा होता. दत्ताराम म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, पन्नाशीतला गडी. तो हायवेवर अडकला. सव्वादोन झाले, अडीच झाले. टाळ धरून बसलेल्यांपैकी कुणालाही खूण केली असती, तरी त्याने उठून वीणा घेतली असती. नानांनी खूण केली नाही. पावणेतीनला त्यांचे गुडघे दुमडले. पडतानाही दोन्ही हात वर होते आणि हातांत वीणा होती. पोरे धावली, त्यांनी वीणा झेलली आणि नाना फरशीवर आडवे झाले.

गजर मात्र थांबला नाही. मंदिरात नाम चालू होते आणि बाहेर सून अक्षता सासऱ्याचे डोके मांडीवर घेऊन रिक्षाला हात करत होती.

इस्पितळात डॉक्टर क्षमा यांनी तपासण्या केल्या. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास असावी, ती अडतीसवर आली होती. नानांच्या पत्नी शेवंतीकाकूंनी तो आकडा ऐकला आणि बाकावर बसल्या. मोठे संकट आले की त्या रडत नाहीत, बोलतात.

"पोरांनी आधी वीणा धरली, मागसून माणूस! माणूस काय, पडलो तरी फुटणा नाय ना!"

पलंगावरून आवाज आला, "वीणा टेकली नाय ना गो?"

"नाय टेकली. तुमीच टेकलास. आता गप ऱ्हवा!"

दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. मी भेटायला गेलो होतो, तेवढ्यात डॉक्टर आल्या. वयाने नानांच्या मुलीसारख्या, बोलणे सरळ.

"काका, नळ्या मोकळ्या आहेत. ब्लॉकेज नाही. नेहमीचा हार्ट अटॅक म्हणतात, तो हा नाही."

"मगे झाला काय?"

"तुमचं हृदय भांबावलंय. हृदयाच्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. काम करताना त्यांचा धूर होतो, कचरा होतो. अंगात ताप आला, पाणी आटलं की तो कचरा वाढतो. तरुण पेशी लगेच रक्षक प्रथिनं बनवते, मोडलेलं दुरुस्त करते, कचरा काढते. वय झालं की हेच काम उशिरा आणि कमी होतं. शिवाय हृदयाच्या पेशी बहुतेक जन्मापासूनच्याच असतात, नव्या फारशा येत नाहीत. तिशीत तुम्ही हेच सगळं केलंत आणि हृदयाने रात्रीत निस्तरलं. आता त्याला वेळ लागतो."

नानांनी छतावरच्या दिव्याकडे बोट केले. मग म्हणाले, "आमच्या स्टुडिओत मोठो दिवो बंद केलो तरी लगेच हलवूचो नाय. तापलेली तार नाजूक असता, धक्को लागलो तर तुटता. थंड होऊक दिवची, मगेच उचलूचो."

"अगदी तसंच समजा."

"म्हणजे तार तुटाक नाय?"

"तुटली नाही, असं मला वाटतंय. तीन महिन्यांनी परत बघू."

"आणि वीणा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. वीणा म्हणजे काय ते मी सांगितले. त्या म्हणाल्या, "तेही तीन महिन्यांनी."

ते तीन महिने लवूनानांनी कसे काढले, ते शेवंतीकाकूच जाणोत. मृत्यूचे भय त्यांना नव्हते. त्यांना एकच धास्ती होती. रिपोर्ट वाईट आला, तर वीणा या जन्मी पुन्हा गळ्यात येणार नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, सकाळी टेकडीच्या पायथ्याशी सपाट रस्त्यावर चालले, दमले की कट्ट्यावर बसले. इमारतीतले म्हातारे विचारीत, "काय नाना, बरा मा?" ते म्हणत, "परीक्षा आसा, अभ्यास चललोहा."

मीही त्या काळात स्वस्थ नव्हतो. माझ्या वाणीने ज्यांचे कान तृप्त झाले, त्यांच्या पेशींवर ती किती जड झाली, हा हिशेब माझ्या मनातून जात नव्हता. एका दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि सरळ कबूल केले, "नाना, त्या दिवशी मी अर्धेच सांगितले. उपवास कुणी करावा, हे सांगायचे राहिले."

ते हसले. "बुवा, ताप मी लपवलंय, तुमी नाय. पण एक सांगा. पाण्यान उपास मोडता?"

"नाना, तुमच्या छातीत कोट्यवधी सेवेकरी रात्रंदिवस उभे आहेत. तुम्ही झोपता तेव्हाही त्यांचा पहारा चालू असतो. एकाहत्तर वर्षे त्यांनी देवाच्या या देहाची वीणा टेकू दिली नाही. त्यांना घोटभर पाणी दिल्याने देव रागावेल, असे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"ह्या तुमी व्यासपीठावरसून सांगा," आतून शेवंतीकाकू ओरडल्या. "माझा ऐकणत नाय."

आषाढ उजाडला. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे पाहत होत्या, अक्षता डॉक्टरांकडे, शेवंतीकाकू देवाकडे आणि नाना आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे.

"छप्पन्न," डॉक्टर म्हणाल्या.

"किती पैकी?" काकूंनी विचारले.

"परीक्षेचे गुण नाहीत हो काकू, छप्पन्न म्हणजे नॉर्मल! हृदय सावरलंय."

काकू आता रडल्या. तीन महिने साठवलेले सगळे तिथेच, त्या गार खोलीत, पदर तोंडाला लावून. अक्षताने त्यांना धरले आणि तीही रडली. नाना कपाळाला हात लावून नुसते "पांडुरंगा, पांडुरंगा" म्हणत राहिले.

डॉक्टरांनी पुढे बजावले, "सावरलंय, तरुण झालेलं नाही. सांभाळलं तर खूप चालेल. गोळ्या थांबवायच्या नाहीत, निर्जळ उपवास नाही, ताप असेल तर उभं राहणं नाही. तुमची वीणा खुर्चीवर बसून, अर्धा तास. मधे पाणी."

अर्धा तास! पहारा दोन तासांचा आणि उभ्याने. नानांचा चेहरा पडला. अर्धवट सेवा घेण्यापेक्षा वीणा सोडलेली बरी, असा हट्ट त्यांनी महिनाभर धरला. तो सोडवला दत्तारामाने. उशीर आपल्यामुळे झाला, हे त्याला तेव्हापासून टोचत होते. मंडळाच्या बैठकीत त्याने ठराव मांडला: साठीच्या पुढच्या प्रत्येकाचा पहारा अर्ध्या तासाचा, आसन खुर्चीचे, शेजारी पाण्याचा तांब्या. ठराव मांडताच चौघा म्हाताऱ्यांनी असा सुस्कारा सोडला की सगळ्यांना कळले, गुडघे सगळ्यांचेच दुखत होते, तोंड कुणी उघडले नव्हते.

पुढच्या चैत्रात एकादशीला बारा वाजता लवूनाना खुर्चीवर बसले. वीणा गळ्यात आली. मधे एकदा त्यांनी फुलपात्रभर पाणी घेतले, तेही सर्वांदेखत. साडेबाराला पाच मिनिटे असतानाच दत्ताराम समोर हजर होता. वीणा एका गळ्यातून दुसऱ्यात गेली.

नाना भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने शेवंतीकाकूंनी त्यांना कोपराने ढोसले. "काय झाला? बरा वाटणा नाय?"

"बरा वाटता. ऐकतंय गो. चाळीस वर्सां वीणा धरून उभो होतंय, सगळो जीव तिच्यातच. गजर असो कानभर ऐकूक खय मिळालो?"

टाळांचा ठेका चढत होता. समोर दत्ताराम घामाने निथळत होता, नजर घड्याळाकडे. वीणेच्या तालावर हळूच विचारता झाला, "नाना, माझे अजून किती रवले?"

"दोन तासांत पाच मिनिटां कमी," नाना डोळे न उघडता म्हणाले. "उभो ऱ्हव रे. तुझा काळीज अजून नवा आसा."