पोटरीतला गोळा

आमच्या कंपनीची पोस्टिंग सीमेवरच्या एका उंच चौकीवर होती. मी हवालदार, पीटीचा उस्ताद. लान्स नायक किसन माझ्या सेक्शनमध्ये. तो मुळशी धरणाकाठचा, मी त्याच तालुक्यातल्या भरे गावचा.

पीटीचा क्रम ठरलेला. धावण्याआधी घोटे, गुडघे, कंबर फिरवायची, पाय झुलवायचे. अंग तापलं की धावायचं. धावून आल्यावर पोटऱ्या, मांड्या, पाठ सावकाश ताणायची. झटका द्यायचा नाही. गस्तीहून परतल्यावरही तेच. उंचीवर तहान कळत नाही, जवान पाणी कमी पितो आणि स्नायू आखडतात.

किसन धावण्यात पहिला. ताणायच्या वेळी चहाच्या रांगेतही पहिला.

"उस्ताद, आमी भाताच्या खाचरात दिवसभर वाकणारी माणसं. आमचं अंग जन्मापासून ताणलेलं हाय."

"खाचरात कंबर मोडती, पोटरी न्हाई ताणत. फॉल इन!"

"भऱ्याची माणसं लई कडक," म्हणत तो यायचा. दोन मिनिटांत पुन्हा चहापाशी.

त्या दिवशी दुपारी आम्ही गस्तीवरून परतलो. बाकीचे बंकरबाहेर पाय ताणत होते. किसन बूटही न काढता आत बुखारीच्या शेकाला बसला. थोड्याच वेळात रेडिओ वाजला.

"चार्ली, खालच्या नाल्यात एक कॅज्युअल्टी. पाय मोडलाय. स्ट्रेचर पार्टी पाठवा. ओव्हर."

चौघे निघालो. किसन स्वतःहून उठला. जखमी जवानापर्यंत पोचलो, त्याला स्ट्रेचरवर बांधलं. परतीची वाट अरुंद होती, एका बाजूला उतार, त्यावर बर्फ. किसन पुढच्या टोकाला, मी त्याच्या मागे. चढणीवर तो थांबला.

"उस्ताद, पोटरीत गोळा आलाय."

"स्ट्रेचर खाली ठेवा. हळू."

आम्ही तिघांनी ते टेकवेपर्यंत त्याने आपलं टोक सोडलं नाही. मग हात मोकळे केले, पायावर भार दिला. पायाने भार घेतला नाही. तो उतारावरून खाली गेला. मी रेडिओ उचलला.

"अल्फा, पहिली कॅज्युअल्टी सुरक्षित. दुसरी झाली आहे. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"लान्स नायक किसन."

ताण दिला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. थंडी होती, ओझं होतं, दिवसभराची चाल होती. अहवालात 'पाय घसरून' असं नोंदलं गेलं. घरीही तेच कळवलं.

निवृत्तीनंतर मी मुळशीत भरतीची तयारी करणाऱ्यांना धावायला शिकवतो. किसनची मुलगी वैशाली त्यांत आहे. पोलीस भरतीसाठी वयात बसणारी ही तिची शेवटची खेप. मागच्या खेपेला मैदानावर तिच्या मांडीचा स्नायू आखडला आणि ती भरतीतून बाहेर पडली. यंदा लावणीच्या दिवसांत ती चिखलाचे पाय धुऊन थेट मैदानावर यायची, धावायची आणि स्कूटीवर बसून निघायची.

परवा मी स्कूटीची चावी काढून घेतली.

"काका, दिवसभर वाकलेच की खाचरात. आणखी काय ताणायचं?"

चावी खिशात घालता घालता मी थांबलो. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"काय झालं? बाबाबी असंच म्हणायचे का?"

"व्हय."

"आई म्हणती, त्यांचा पाय घसरला."

"घसरला नाही. पोटरीत गोळा आला होता. तरी जखमी माणसाला त्यानं पडू दिलं नाही."

ती गवतावर बसली, पाय सरळ केले, अंगठ्यांकडे हात नेले.

"कुटवर धरायचं, काका?"

"मी सांगेपर्यंत."

मी बराच वेळ सांगितलं नाही.