नाकाखालची भेग

जळगाव जामोदच्या एसटीत ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर तान्हा नातू, पलीकडे खिडकीशी सून. नातवाचा वरचा ओठ थेट नाकापर्यंत दुभंगलेला. असल्या लेकराचं तोंड लोक पदराआड ठेवतात. ही मात्र त्याच्या नाकाखाली सारखं बोट फिरवत होती, भिंतीची भेग लिंपावी तसं.

मागच्या बाईला राहवलं नाही. "ग्रहनात काही चिरलं असन मायनं."

सून खिडकीबाहेरच बघत राहिली. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी जीभ वळवळली. गर्भात नाकाच्या जागी आधी दोन जाडसर ठिपके उमटतात. त्यांचे खळगे होतात, खळग्यांच्या कडा वाढून मध्ये सरकतात आणि सांधल्या की वरचा ओठ होतो. कधी सांधा राहून जातो. हे घडतं तेव्हा पुष्कळदा आईला दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. एवढं सगळं मी सांगणार, तोच म्हातारी मागे वळली.

"आमच्या बकरीलेही असंच पिल्लू झालं, बाई. तिनं कोनती इळी धरली होती ग्रहनात?"

बसमध्ये हशा पिकला. म्हातारी हसली नाही. मला हळूच म्हणाली, "बकरी व्याली तव्हा समजलं मले. तोपर्यंत मीच सुनेले बोलत होती."

सून पहिल्यांदाच खिडकीकडून वळली.

"हे घरी काऊन नाही म्हनलं तुमी, आई?"

म्हातारीचं बोट नातवाच्या नाकाखाली तसंच थांबलं.