मधल्या वेढ्यावरची तीन टिंबं

टिंबेकाकांचं आडनाव टिंबे नव्हतं. मोटारींच्या स्प्रिंगा बदलायचा त्यांचा धंदा, आणि बसवलेल्या प्रत्येक स्प्रिंगवर टोकदार पोलादी पंच टेकवून ते हातोडीने तीन टिंबं उमटवत. त्यावरून हे नाव पडलं आणि खऱ्या नावाला कायमची रजा मिळाली. खुणेमागे कारण होतं. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक दुसरीकडची मोडकी स्प्रिंग घेऊन आलं आणि "तुम्हीच बसवलीत ही!" म्हणून भर रस्त्यात भांडलं. तेव्हापासून टिंबं. टिंबं आहेत म्हणजे माल काकांचा, नाहीत म्हणजे नाही, मग काकांना तोंड लपवायचं कारण नाही.

बोलायला मात्र भारी हौस. गाडी जॅकवर चढली की मालकाची शाळा सुरू.

"स्प्रिंग दबते असं तुम्हाला वाटतं. दबते कुठली! चाक खड्ड्यातून उसळलं की तिची तार पिळली जाते, ओला टॉवेल पिळतो ना आपण, तशी. मग पीळ सुटतो. म्हणून धक्का खालीच जिरतो, तुमच्या कमरेला कळत नाही. पण पिळाचा सगळा ताण तारेच्या कातडीवर. तिथं ओरखडा पडला, रंग उडाला, गंज धरला, की दर खड्ड्याला चीर केसभर वाढणार. पोलाद पोटातून मरत नाही हो, कातडीवरून मरतं."

एवढं ज्ञान असलेला माणूस आधी टिंबं योग्य जागीच मारत होता. स्प्रिंगचं अगदी टोक खालच्या बशीत टेकून बसतं, त्याला पीळ जवळजवळ नसतोच. पण तिथली खूण बघायची तर स्प्रिंग उतरवावी लागे. दोन वर्षांपूर्वी काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि नुसतं वाकून बॅटरी मारली तरी दिसावी म्हणून त्यांनी खूण मधल्या वेढ्यावर आणली. मुंगी चावल्याएवढी तीन टिंबं, त्यांनी काय होतंय? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मग एका सकाळी ओळखीचा टॅक्सीवाला आला. गाडीचं पुढचं उजवं अंग पार बसलेलं.

"काका, गाडी लावताना फाटकन आवाज आला. नशीब, जागेवरच होतो. तुमचीच आहे हां, टिंबं बघून घ्या!"

काकांनी स्प्रिंग उतरवली. तिचे दोन तुकडे झाले होते, बरोबर मधल्या टिंबातून. तुटलेल्या तोंडावर नखाएवढी चंद्रकोर गंजून तपकिरी झालेली, बाकीचं पोलाद ताजं, चकचकीत. म्हणजे चीर आजची नव्हती. ती टिंबापासून निघून कित्येक महिने पुढे सरकत होती, आणि उरलेलं पोलाद आज एका दमात गेलं होतं.

काकांनी तुकडा उजेडात धरून त्या टिंबावरून नख फिरवलं.

"खड्डेच तसले आहेत हो," टॅक्सीवालाच त्यांची समजूत घालू लागला. "तुमचा माल तरी इतका टिकला."

चूक माझी आहे, हे तीन शब्द काकांच्या ओठापर्यंत आले. त्यांनी ते गिळले. दोन्ही बाजूंना नव्या स्प्रिंगा बसवल्या, पंचाला हात लावला नाही. टॅक्सी गेली, आणि तेव्हा त्यांना आठवलं की लेकीच्या गाडीच्या स्प्रिंगाही त्यांनीच बसवल्या होत्या. मागच्या वर्षी, खूण मधल्या वेढ्यावर, चांगली ठसठशीत.

लेक तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर होती. माहेरी यायला पहाटेच निघालेली, मागच्या सीटवर चार वर्षांची नात. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसलं तर वळणावर काय होतं, हे काकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. ते दारात स्टुलावर बसले. भीती वाटत होती त्यांना, साधी, लहान पोराला वाटते तशी, आणि करण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

बायको घरातून बाहेर आली. "अहो, चेहरा का असा झालाय?"

"काही नाही."

"काही नाही तर फोन का कुरवाळताय मघापासून?"

काकांनी पुन्हा नंबर लावला.

दुपारी तीनला गाडी दारात उभी राहिली. काकांनी पुढच्या डाव्या चाकावरच्या फटीत बोटं घातली. चार बोटांची फट, चारच, म्हणजे गाडी बसलेली नव्हती. उजवीकडे घातली, तिथेही चार.

"बाबा, आल्या आल्या गाडीखाली? आधी नातीला तरी घ्या!" लेक हसत म्हणाली.

त्यांनी तारेवर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं, वर खडू घासला आणि थांबले. डावी स्प्रिंग पांढरीच राहिली. उजवीवर तिसऱ्या टिंबातून एक ओली काळी रेघ हळूहळू खडूवर उमटली. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. काका नातीला छातीशी धरून तिथेच फरशीवर बसले. "आजोबा, तुमचे हात घाण आहेत," ती म्हणाली, तरी त्यांनी सोडलं नाही.

लेकीची गाडी नीट झाली. बाकीच्यांचं काय? दोन वर्षांत किती गाड्या गेल्या, कुणाच्या, कुठे, कशाचीही नोंद नाही. नोंद होती ती फक्त त्या टिंबांची, आणि ती गावभर फिरत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी दारावर पाटी लावली: 'मधल्या वेढ्यावर तीन टिंबं असलेल्या स्प्रिंगा ताबडतोब दाखवाव्यात.' खरं कारण लिहायला हात धजला नाही. लोकांनी ती जाहिरात समजली. एक बाई तर गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या स्प्रिंगवर टिंबं नाहीत, तेवढी मारून द्या ना."

त्या गेल्यावर काकांनी ब्रश घेतला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'त्या मोडू शकतात. चूक माझी आहे.'

त्यानंतर महिनाभरात अकरा गाड्या आल्या. बाकीच्यांनी पाटी वाचलीच नाही, नाहीतर वाचून मान डोलावली. टॅक्सीवाला म्हणाला, "इतका सरळ माणूस! काका, आता तर मी दुसरीकडे जाणारच नाही."

हल्ली काका दिवसभर दारातल्या स्टुलावर बसतात. नजर गाड्यांच्या नंबरावर नसते, चाकांवरच्या फटीवर असते. परवा एक पांढरी गाडी वळणावरून आली, पुढचं डावं अंग दोन बोटं खाली. गाडी ओळखीची, काम त्यांचंच. काका गुडघे विसरून उठले, रस्त्यापर्यंत धावले आणि दोन्ही हात वर करून हलवू लागले, "थांबा! अहो, थांबा!"

गाडीवाल्याने त्यांना ओळखलं. त्याने काच खाली केली, हसून हात हलवला, एकदा हॉर्न वाजवला, आणि मागे बसलेल्या मुलांनाही टिंबेकाकांना टाटा करायला लावून तो पुढे निघून गेला.