उन्हात निळा दिसणारा हिरा
उन्हात निळसर दिसणारा हिरा घ्यावा की टाळावा, हा प्रश्न काल गुजरीच्या सराफ पेठेत सराफाने माझ्या नातीच्या अंगठीवर उन्हासारखेच अतिनील किरण सोडणारा जांभळा दिवा धरला आणि तिचा हिरा निळा चमकला, तेव्हा मनात आला, आणि सत्तरच्या दशकातली एक दुपार आठवली. ताईच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाची आत्या त्याच्यासाठी घेतलेली अंगठी पाहायला आमच्याकडे आली होती. अंगणातल्या रखरखीत उन्हात तिने अंगठी धरली आणि पांढऱ्या हिऱ्यातून निळी झाक उमटली. "नीलम हाय ह्यो! शनी घालताय व्हय आमच्या पोराच्या बोटात?" ती कडाडली. सोयरीक मोडणार, या भीतीने आईने दाराची चौकट घट्ट धरली. तेव्हा ताईच पुढे झाली. तिने अंगठी माजघराच्या सावलीत नेली. तिथे खडा पांढराशुभ्र दिसला. "आत्याबाई, नीलम असता तर हितंबी निळाच ऱ्हायला असता की!" आत्याने बराच वेळ खडा न्याहाळला. "पोरगी शानी हाय. पर त्याला सांग, उन्हात हात खिशात ठेव म्हणावं." ती अंगठी दाजींनी आयुष्यभर वापरली. निळी झाक हा दोष नव्हे, असे माझे मत आहे. मात्र अशा काही हिऱ्यांत उन्हात दुधाळपणा येतो. म्हणून वाचकांनी खडा उन्हात आणि सावलीत स्वतः पाहूनच ठरवावे, ही विनंती.